टाळूखालचे रक्त

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याची. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलने'ची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक पुन्हा उजेडात आणल्यापासून त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. पण ते लिहिण्याचे निमित्त काय होते, ही गोष्ट आपण प्रस्तावनेत वाचतो आणि पुढे सरकतो. निमित्त होते एका मेलेल्या अर्भकाचे.

सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये आपल्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती बदलून काळ्या पाण्याची झाली आणि पुढे मुदतही घटली. दरम्यान वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या चालचलणुकीचा पंचनामा सुरू केला. बुलढाण्यात डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंदे यांच्या मुलीला तो सहन झाला नाही. त्या मुलाच्या बापाचे नाव खटल्यात कुणी विचारले का, ती विधवा त्या टोकाला कशी पोहोचली, याची चौकशी कुणी केली का, असा तिच्या रागाचा रोख होता. पुढे जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली.

विजयालक्ष्मीच्या खटल्याचे वैद्यकशास्त्र मला इथे उगाळायचे नाही. पण घरात तान्हे मूल दगावले की 'काय झाले' हे कळण्याआधी 'कुणी केले' हे विचारले जाते, आणि बोट सर्वात जवळच्या बाईकडे वळते, हे ताराबाईंनी बुलढाण्यात बसून जे पाहिले, त्याचा एक धागा वैद्यकाच्या इतिहासातही सापडतो. तो धागा म्हणजे तान्ह्या मुलाच्या कवटीत, मेंदूभोवती, आढळणारे रक्त. गेल्या दीडशे वर्षांत या रक्ताचे अर्थ किमान चार वेळा बदलले. प्रत्येक वेळी जो अर्थ लागला, त्यावर कुणाचे तरी घर तरले किंवा बुडाले.

आधी जागा समजून घेऊ. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई पहिला हात टाळूवर ठेवते. कोमट तेलाने टाळू 'भरतात' आणि साधारण दीड वर्षाने हाडे जुळली की टाळू 'भरली' असेही म्हणतात; एकच क्रियापद दोन्हीकडे. टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातले पाणी आटले आहे आणि ती फुगून ताठ झाली तर आत काहीतरी दाटले आहे, एवढे वऱ्हाडातल्या कोणत्याही अनुभवी आजीला कळते. ते चूकही नाही. टाळूच्या खाली मेंदूवर तीन आवरणे असतात. सर्वात बाहेरचे जाड, त्याच्या आत जाळीसारखे पातळ आणि मेंदूला चिकटलेले सर्वात नाजूक. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या बारीक शिरा ही आवरणे ओलांडून वरच्या मोठ्या नसेत जातात. या शिरा किंवा आवरणातल्या सूक्ष्म वाहिन्या फुटल्या, की जाड आवरणाच्या आत रक्त पसरते. मोठ्या माणसाची कवटी बंद डब्यासारखी असते. तान्ह्याची सांध्यांशी सैल असते, ताणली जाते, म्हणून तिच्यात बरेच रक्त मावते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून अडीचशे मिलिलीटरच्या आसपास रक्त असते. त्यातले पन्नास डोक्यात साचले तर मूल पांढरेफटक पडते, दूध ओढत नाही, झटके देऊ लागते.

जाड आवरणाचे लॅटिन नाव 'ड्युरा मेटर', म्हणजे कठीण आई. मध्ययुगीन अरबी वैद्य या आवरणाला मेंदूची आई म्हणत; लॅटिन भाषांतरकारांनी शब्द तसाच उचलला. तेव्हा या लेखाचा विषय शब्दशः 'आईच्या पदराखालचे रक्त' असा आहे, आणि पुढे त्याचा जाब बहुतेक वेळा आईनेच दिला आहे.

या जाबाबद्दल पहिली ठळक शंका एका स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने घेतली. विल्यम हंटर याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७८३ मध्ये, लंडनच्या मेडिकल सोसायटीत वाचला गेला. विषय होता अनौरस मुलांच्या हत्येच्या खुणांची अनिश्चितता. त्या काळी मृत अर्भकाचे फुफ्फुस पाण्यात टाकून पाहात. तरंगले तर मूल जिवंत जन्मले होते, म्हणजे आईने मारले, असा हिशेब. हंटरचे म्हणणे असे की फुफ्फुस इतर कारणांनीही तरंगते. एकटीने, लपून, बाळंत झालेल्या बाईचे मूल आपोआपही दगावू शकते. आणि मुलाचे डोके-चेहरा सुजलेला, काळानिळा दिसणे हे साध्या बाळंतपणातही घडते. एकाच खुणेवरून फासावर चढवू नका, इतकेच तो सांगत होता. इंग्लंडला प्रसूत स्त्रीच्या मनःस्थितीची दखल घेणारा वेगळा कायदा करायला १९२२ उजाडले. आपल्याकडे तसा वेगळा कायदा आजही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोन शहरांत एकाच रक्ताकडे दोन माणसे पाहात होती. बर्लिनचा रुडॉल्फ फिरखो १८५७ च्या सुमारास म्हणाला की आवरणाला सूज येते, तिथे नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्याच झिरपतात. म्हणजे हा आजार. पॅरिसचा न्यायवैद्यक आंब्रुआझ तार्द्यू याने १८६० मध्ये छळ झालेल्या ३२ मुलांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. त्यांत मेंदूवर साचलेल्या रक्ताचे वर्णन आहे. म्हणजे हा मार. फिरखोचा दबदबा एवढा, की पुढची पन्नास-साठ वर्षे डॉक्टरांनी त्याचेच म्हणणे मानले आणि तार्द्यूचा ग्रंथ कपाटात राहिला. आई-बाप पोटच्या पोराला मारतात हे तेव्हाच्या सभ्य समाजाला पचणारेही नव्हते. शास्त्रातही जे ऐकायला बरे वाटते ते आधी ऐकले जाते. याच वर्षांत इकडे निजामाकडून १८५३ च्या तहाने घेतलेल्या वऱ्हाडात इंग्रजांचे जिल्हे आखले जात होते आणि बुलढाण्याला कचेऱ्या उभ्या राहात होत्या.

तिसरा अर्थ बॉस्टनमधून आला. चार्ल्स टाउन्सेंड या डॉक्टराने १८९४ मध्ये ५० नवजात बाळांची नोंद केली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ती नाळेतून, आतड्यांतून, त्वचेखाली रक्तस्राव करत होती आणि हा हिमोफिलियासारखा घराण्यात चालणारा रोग नव्हता. जी बाळे वाचली, ती पुढे ठणठणीत राहिली. कारण मात्र त्याला लागले नाही. ते कोंबडीच्या पिलांनी सांगितले. कोपनहेगनचा हेन्रिक दाम १९२९ मध्ये पिलांना चरबीविरहित खाद्य देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होता. पिले त्वचेखाली रक्त साकळून मरू लागली. दामने १९३५ मध्ये या अज्ञात घटकाला 'के' हे नाव दिले. डॅनिश आणि जर्मन भाषांत रक्त गोठण्याच्या शब्दाचे ते आद्याक्षर. अमेरिकेत एडवर्ड डॉइझीने त्याची रचना उलगडली आणि १९४३ चे नोबेल दोघांना मिळाले.

यकृतात रक्त गोठवणारी जी प्रथिने तयार होतात, त्यांतली चार जीवनसत्त्व के असल्याशिवाय कामाला लागत नाहीत. गर्भात हे जीवनसत्त्व आईच्या वारेतून फारच थोडे उतरते. जन्मतः आतड्यांत ते बनवणारे जंतू नसतात. आणि आईच्या दुधात ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकेच असते. डब्याच्या दुधात मुद्दाम घातलेले असल्याने कितीतरी जास्त. आईने रोज मेथी-पालक खाल्ला तरी दुधातल्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. इथे घाईने चुकीचा निष्कर्ष काढू नये. आईचे दूध तान्ह्यासाठी सर्वोत्तमच. त्यात ही एक उणीव आहे आणि ती जन्मल्यावर मांडीत एका इंजेक्शनने भरून निघते.

ते इंजेक्शन मिळाले नाही तर काय होते? बहुतेक बाळांना काहीच होत नाही. काहींना पहिल्या आठवड्यात नाळेतून रक्त येते. आणि थोड्यांच्या बाबतीत गोष्ट लांबते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान, फक्त अंगावर पिणारे, गुटगुटीत, अगदी निरोगी बाळ अचानक किंचाळते, उलटी करते, पांढरे पडते. या उशिराच्या प्रकारात निम्म्याहून अधिक वेळा रक्तस्राव थेट डोक्यात होतो. त्याआधी कधी नाकातून रक्ताचा थेंब, कधी लसीच्या जागी मोठा काळानिळा डाग, अशी इशाऱ्याची खूण असते, पण तिच्याकडे कोण लक्ष देणार? ज्यांची कावीळ रेंगाळली आहे आणि शी पांढरट होते आहे, अशा बाळांना धोका अधिक, कारण पित्त आतड्यात उतरत नसेल तर हे जीवनसत्त्व शोषलेच जात नाही.

आता हे वेळापत्रक आपल्या घराशी ताडून पाहावे. तिसरा ते आठवा आठवडा म्हणजे सव्वा महिन्याच्या मागचे-पुढचे दिवस. पाचवी पुजून झालेली, सटवाईने कपाळी लिहून झालेले, बाळंतीण ओटी भरून पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडणार. नेमक्या त्याच वेळी बाळ निळे-पांढरे होऊन आकडी देते. गावाला अर्थ लावायला वेळ लागत नाही: सटवी लागली, दृष्ट झाली, सवाष्णीने टाळू नीट भरली नाही, दूध बाधले. 'दूध बाधले' हे निदान तर क्रूर म्हणावे असे आहे. ते सत्याच्या एका केसाएवढे जवळ आहे आणि तरीही त्यात बाईचा काडीचाही दोष नाही. बाळाला घेऊन राजूर घाट उतरून मलकापूर, किंवा अकोला, छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत सासरमाहेरचा निवाडा झालेला असतो. आणि इथे शास्त्राचा एक साधा चमत्कार आहे. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजला, तो फार लांबलेला निघाला आणि जीवनसत्त्व के टोचल्यावर काही तासांत जाग्यावर आला, तर निदान पक्के. जात्यापासून पाळण्यापर्यंत कुणीही दोषी नाही.

यातले बरेचसे १९४० च्या दशकात कळले होते. पण त्याच दशकात चौथा अर्थ जन्माला आला आणि तो जगभर गाजला.

न्यूयॉर्कचे जॉन कॅफी हे क्ष-किरणतज्ज्ञ. १९४६ मध्ये त्यांनी सहा तान्ह्या मुलांची हकीकत लिहिली: डोक्यात जुने साचलेले रक्त आणि हातापायांच्या लांब हाडांना बरे होत आलेली मोडतोड. घरच्यांना मोडतोडीची माहिती नव्हती. कॅफींनी कुणावर बोट ठेवले नाही, फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी 'मारहाण झालेले मूल' ही संज्ञाच रूढ केली. शंभर वर्षे कपाटात पडलेला तार्द्यू असा परत आला. हे योग्यच होते. मुले मारली जातात. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळे सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. ती ज्याने पाहिली, त्याला 'आजारच असेल' म्हणणारा फिरखो पुन्हा नको वाटेल.

प्रश्न निर्माण झाला तो पुढच्या पायरीवर. अंगावर एकही वळ नाही, हाड मोडलेले नाही आणि डोक्यात मात्र रक्त, अशा मुलांचे काय? इंग्लंडमधल्या हल येथील मेंदूशल्यविशारद नॉर्मन गुथकेल्च यांनी १९७१ मध्ये एक छोटा लेख लिहिला. २३ मुलांचा आढावा. काही पालकांनी, रडते म्हणून गदगदा हलवले असेल, असे सांगितले होते. मारण्यापेक्षा हलवणे बरे, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. मान लुळी, डोके जड. हिसक्याने मेंदूवरच्या शिरा तुटत असाव्यात, असा गुथकेल्च यांचा तर्क. उद्देश होता डॉक्टरांनी पालकांना सावध करावे. योगायोग असा की लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन त्याच १९७१ सालच्या ऑक्टोबरात झाले. आधी टाळूतून सुई घालून जे रक्त शोधावे लागे, ते आता पडद्यावर दिसू लागले. आणि जे दिसते, त्याला नाव हवे असते.

पुढच्या पंचवीस वर्षांत तर्काचा नियम झाला. मेंदूभोवती रक्त, डोळ्याच्या पडद्यावर रक्त आणि मेंदूचा बिघाड, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की मूल हलवले गेले. आणि ज्याच्या हातात ते शेवटचे होते, तोच गुन्हेगार. १९९७ मध्ये अमेरिकेत लुईज वुडवर्ड या एकोणीस वर्षांच्या इंग्रज दाईचा खटला दूरदर्शनवर जगाने पाहिला. ज्यूरीने खून म्हटले, न्यायाधीशाने ते सदोष मनुष्यवधावर आणून भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. त्या खटल्यात सरकारी बाजूने साक्ष देणारे क्ष-किरणतज्ज्ञ पॅट्रिक बार्न्स यांनी पुढे स्वतःचे मत बदलले. हंटरचे तरंगणारे फुफ्फुस दोनशे वर्षांनी नव्या कपड्यांत कोर्टात उभे होते, असे मला हे वाचताना वाटत राहिले.

शंका कशामुळे आल्या? एक तर साध्या, निरोगी नवजात बाळांचे एमआरआय काढून पाहिले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लक्षणे नसलेल्या १०१ बाळांपैकी ४६ जणांच्या मेंदूभोवती थोडे रक्त सापडले. जन्माच्या वाटेतला दाब, दुसरे काही नाही. तीन महिन्यांत ते विरून गेले. एवढ्या मुलांच्या डोक्यात रक्त घेऊनच आपण बारशाचे पेढे वाटत असतो! दुसरे, जपानमध्ये १९६० च्या दशकापासून मेंदूशल्यविशारद लिहीत होते की नुकते बसायला-उभे राहायला लागलेले मूल तातामीच्या चटईवर मागे पडते, रडते आणि थोड्या वेळाने झटके देते, आत रक्त. पाश्चात्त्य डॉक्टरांचा यावर विश्वास बसत नव्हता. तिसरे, ज्यांच्या डोक्याचा घेर मोठा आणि मेंदू-कवटीतली जागा रुंद, त्यांच्या शिरा आधीच ताणलेल्या असतात. चौथे, दुर्मीळ जन्मजात रोग: ग्लुटारिक अॅसिड अंगात साठवणारा विकार, हिमोफिलिया, किंवा गोठण घटक तेराची कमतरता. या शेवटच्या विकारात नाळ पडल्यावर बेंबीतून दिवसेंदिवस रक्त येत राहते आणि पुढे डोक्यात येऊ शकते. नेहमीच्या रक्त गोठण्याच्या चाचण्या मात्र नॉर्मल येतात, म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत तो अधिक दिसतो. मामाची मुलगी हक्काची मानणाऱ्या आपल्या मुलखात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईत केईएमच्या आवारातली रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था अशा विकारांवर काम करते.

बालरोगतज्ज्ञांच्या बहुतेक संघटना आजही सांगतात की जोराने हलवणे मेंदूला घातक आहे. ते खरेच आहे. तान्ह्याला रागाने गदगदा हलवू नये, यावर कुणाचा वाद नाही. वाद एवढाच की तीन लक्षणे एकटी उभी राहून माणसाला तुरुंगात पाठवू शकतात का. स्वीडनच्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये पुरावे तपासून ते अपुरे ठरवले. त्यावर बालरोगतज्ज्ञांनी कडाडून टीका केली. भांडण चालू आहे.

त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. गुथकेल्च निवृत्तीनंतर अॅरिझोनात राहायला गेले होते. २०११ च्या सुमारास, वयाच्या पंच्याण्णवीत, एका तरुणाच्या खटल्याची कागदपत्रे त्यांच्यासमोर आली. मूल हलवून मारल्याच्या आरोपाखाली तो तुरुंगात होता. त्यांनी पाने उलटली. मुलाला आधीपासून झटके होते, आजारपण होते. आपण सुचवलेल्या शक्यतेचा असा वापर होतो आहे, हे पाहून म्हातारा हादरला. त्याने तरुणाच्या बाजूने मत दिले. शिक्षा २०१२ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी गुथकेल्च यांनी लेख लिहून सांगितले की या स्थितीच्या नावातून 'हलवणे' काढा, फक्त काय दिसते तेवढेच नाव द्या. डोळ्याच्या पडद्यातले आणि आवरणाखालचे रक्त, इतकेच. २०१६ मध्ये ते वारले. आयुष्याच्या शेवटी स्वतःच्याच नावाने गाजलेल्या कल्पनेला लगाम घालायला किती जण धजावतात?

परत विदर्भात येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधला तो लेख प्रसिद्धच आहे. जंतुसंसर्गावरच्या सुईची चर्चा फार झाली. पण जन्मल्याबरोबर जीवनसत्त्व के टोचणे हेही त्या बायकांच्या कामाचा भाग होते, याकडे कमी लोकांचे लक्ष गेले. सही करण्यापुरते शिकलेल्या गावात, चिमणीच्या उजेडात, एक बाई तान्ह्याच्या मांडीत कोपनहेगनच्या कोंबडीच्या पिलांची विद्या टोचत होती. याच प्रयोगाच्या पायावर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा वेळा जाऊ लागल्या. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला हे इंजेक्शन द्यावे, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या: एक किलो वा त्याहून अधिक वजनाला एक मिलिग्रॅम, त्याहून कमी असेल तर अर्धा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, उपकेंद्रावर नर्सबाईनेही द्यावे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी हीच शिफारस १९६१ मध्ये केली होती. मधली त्रेपन्न वर्षे कुणाच्या हिशेबात धरायची?

सूचना निघाल्या, तरी घरी किंवा वाटेत झालेल्या बाळंतपणात सुई राहून जाऊ शकते. म्हणून सव्वा महिन्याचे मूल झटके देत आणले की डॉक्टर पहिल्या दोन-तीन प्रश्नांत विचारतात, जन्मल्यावर मांडीत इंजेक्शन दिले होते का? उत्तर बहुधा आजी देते. एक दंडाला दिले होते, तिथे पुळी आली होती. मांडीत एक दिले की दोन, ते आठवत नाही. पोलिओचे थेंब पाजले होते. एक मांडीतले कावीळ-बची लस असू शकते, दुसरे जीवनसत्त्व. मग कुणीतरी पिशवीतून घडी पडलेले कार्ड काढते आणि त्यावर पेनाने लिहिलेले अक्षर उजेडाकडे धरून सगळे वाचू लागतात.